तुम्ही विचारलंत म्हणून: एक पत्रा पुरला नसता का?

जपानी शिरस्त्राणाबद्दल, म्हणजे काबुतोबद्दल, काहीही लिहिलं की हा प्रश्न येतोच. कधी कुतूहलाने, कधी टोमणा म्हणून: आमचे कसब्यातले तांबट एका पत्र्यातून अख्खं पातेलं उभं करतात, मग यांना एका टोपाला 62 पट्ट्या कशाला लागतात? युरोपात, आपल्याकडे दख्खनेत, एकसंध पोलादी टोप ठोकून होत होतेच की.

होत होते. कबूल. आणि जपानातही होत होते, हे तुम्ही विचारण्याआधीच सांगून टाकतो. पण या प्रश्नाला 'परंपरा' असं एका शब्दात उत्तर देऊन सुटायचा मला आता कंटाळा आलाय, म्हणून एकदा सविस्तर.

आधी तांब्याचं. तांब्याचा पत्रा थंड असतानाच ठोकतात. ठोकून कडक झाला की लाल करायचा आणि खुशाल पाण्यात बुडवायचा. तो मऊच होतो. लोखंडात थोडा जरी कार्बन असेल तर हेच केल्यावर ते काचेसारखं कडक होतं आणि पुढच्या घावाला तडकतं. ते राखेत पुरून सावकाश थंड करावं लागतं. म्हणजे तांबट ज्या वेळात चार फेऱ्या ठोकतो त्या वेळात लोहाराची एक होते. त्यात जपानी लोखंड लोहवाळूपासून, तातारा भट्टीत निघायचं. त्या लगद्यात मळी अडकलेली असते. घड्या घालून, ठोकून ती काढतात, तरी एखादी रेघ राहतेच. डोक्याएवढ्या पत्र्यात ती रेघ नेमकी माथ्यावर उघडली तर सगळं काम भंगारात. पट्टीत उघडली तर एक पट्टी फेकायची.

हे माझं जुनं, आवडतं उत्तर. अनेकांना दिलंय. आता ते अर्धवट वाटतं. कारण सोळाव्या शतकात, धामधुमीच्या काळात, त्याच लोखंडातून झुनारी नावाचे टोप निघत होते: कपाळापासून मानेकडे जाणारी एक रुंद पट्टी, दोन बाजूंना दोन पत्रे, अशा 3 ते 5 तुकड्यांत काम खलास. मोमोनारी, म्हणजे पीचच्या आकाराचा टोप, तर मधल्या धारेवर जोडलेले दोन अर्धे भाग. 1543 नंतर बंदुका आल्या, फौजा वाढल्या आणि टोप झटपट हवे झाले, तेव्हा मोठा पत्रा मिळाला की! मग 'पत्रा मिळत नव्हता' हे कसं टिकणार?

दुसरं उत्तर ताकदीचं. पट्ट्या एकमेकींवर चढतात म्हणून जवळपास सगळीकडे दुहेरी जाडी मिळते, आणि प्रत्येक पट्टीची एक कड बाहेर मुरडून उभी केलेली असते. पन्हळी पत्रा सपाट पत्र्यापेक्षा ताठ का असतो ते तुम्हाला ठाऊक आहे, तोच न्याय. या उभ्या कडांना सुजी म्हणतात, आणि अशा टोपाला सुजी-काबुतो. दुसरा प्रकार होशी-काबुतो: त्यात रिबिटांची डोकी मुद्दाम टोकदार ठेवतात, होशी म्हणजे तारे. बारीक ताऱ्यांच्या टोपात एका पट्टीवर 30 रिबिटं धरली तरी 62 पट्ट्यांची 1,860 होतात. आता खरं बोलायचं तर प्रत्येक रिबिटाचं भोक म्हणजे पत्र्यातली एक कमकुवत जागा. गोळीसमोर जाड, गुळगुळीत झुनारी बरा. तेव्हा ताकदीचं उत्तरही पुरतं उभं राहत नाही.

मग उरतं ते हे की काम अवघड आहे आणि ते अवघड आहे हे बघणाऱ्याला दिसतं. यावर लोक हसतात, 'म्हणजे शोबाजीच ना!' म्हणतात. हसण्याआधी शेवटची पट्टी कशी बसते ते ऐका.

टोपाच्या वाटीचा, म्हणजे हाचीचा, तळाचा परीघ 68 सेंमी धरा. 62 पट्ट्या, म्हणजे प्रत्येकीचा दिसणारा भाग साधारण 11 मिमी. वर माथ्याला तेहेन नावाचं भोक असतं, ते 3 सेंमी व्यासाचं धरा. परीघ 94 मिमी. तिथे एका पट्टीच्या वाट्याला येतात दीड मिमी. खाली बोटाएवढी, वर काडीएवढी, अशी ही पट्टी. दुसऱ्या पट्टीखाली दडणारा भाग आणि मुरडायची कड धरून ती तळाशी दिसते त्याच्या दुप्पट रुंद कापावी लागते. वरच्या टोकाला दोन कडांमध्ये दीड मिमी अंतर आणि पत्रा एक मिमीचा, म्हणजे मोकळी फट अर्ध्या मिमीची. म्हणून टोकाकडे पत्रा ठोकून आणि कानसीने पातळ करत न्यावा लागतो. नाही केला तर तीन-चार थर एकावर एक चढतात आणि भोकाभोवती टेंगूळ येतं; त्यावर बसवायचं पितळी किंवा तांब्याचं फूल मग डुगडुगतं.

कड मुरडतानाही एक चकवा आहे. पट्टी लांबीत बाहेरच्या अंगाला गोल आहे. तिच्यावर 3 मिमी उंच कड उभी करायची तर कडेची वरची धार तळापेक्षा लांब व्हायला हवी. 110 मिमी त्रिज्येच्या वळणावर ही वाढ जवळपास पावणेतीन टक्के. मऊ लोखंड एवढं ताणतं; घाईत थंड ठोकलं तर धारेवर केसाएवढ्या आडव्या चिरा येतात. कानसीने पुसून घेतलेली चीर रिबीट ठोकताना पुन्हा तोंड वर काढते.

आता मुख्य गोष्ट. वळवताना, मुरडताना पट्टी फाकते. पत्र्यावर घाव पडला की तो कुठेतरी पसरणारच. समजा प्रत्येक पट्टी 0.2 मिमी रुंद झाली. दोन दशांश मिमी. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही. पहिली पट्टी जुळते, दुसरी जुळते, दहावीही ठाकठीक दिसते. पण 0.2 गुणिले 62 म्हणजे 12.4 मिमी. अख्ख्या पट्टीला हवे 11. एकसष्ट पट्ट्या बसल्यावर बासष्टावीला जागाच उरत नाही. टोप 61 चा होतो. चूक उलट्या दिशेने असेल तर 23 मिमीचं भगदाड उरतं आणि त्रेसष्टावी मागतं.

'मग शेवटची थोडी कापायची' असं म्हणाल. कापा. शेजारच्या 11 मिमीच्या पट्ट्यांत ती एकटी वेगळी दिसते, दात पडल्यासारखी. 'मागची चार रिबिटं काढून सरकवा.' काढा. रिबिटाचं डोकं छिन्नीने उडवून खिळा ठोकून बाहेर काढताना 2 मिमीचं भोक सव्वादोन-अडीचचं होतं. नवं रिबीट त्यात हलतं, डोकं बसवताना तिरकं झोपतं. जाड रिबीट घेतलं तर सुजी टोपात ते पत्र्याशी सपाट होईपर्यंत कडेला भिडतं, आणि होशी टोपात ताऱ्यांच्या रांगेत एक तारा फुगीर. शिवाय चूक तिथे चार रिबिटांत नाहीच, ती साठ जागी वाटली गेलीय. वर माथ्याशी कडा एका बाजूला झुकलेल्या असतात, आणि समोरच्या पट्टीचा मध्य कपाळावरच्या माबिझाशीच्या, म्हणजे पुढच्या छज्जाच्या, मध्यावर येत नाही. आरशात भांग वाकडा पडावा तसं ते दिसतं, आणि एकदा दिसलं की दिसतच राहतं.

यावर इलाज आहे, पण तो शेवटी नाही, आधी करायचा. पट्टीची रुंदी वळवण्याआधी नाही, सगळं वळवून-मुरडून झाल्यावर फर्म्याला लावून कानसायची. भोकं सगळी एकदम पाडायची नाहीत. दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून खालच्या पट्टीवर खूण घ्यायची. लाकडी ठोकळ्यावर चार चतुर्थांश रेषा आखायच्या आणि साधारण पंधराव्या पट्टीला मापायचं. तिथे चूक 3 मिमीच असते, पुढच्या पंधरांत वाटून जिरवता येते. रिबीट 2 मिमीचं असेल तर गोल डोक्यासाठी 3 मिमी बाहेर ठेवायचं; जास्त ठेवलं तर ते चेपण्याऐवजी वाकतं आणि पट्टी ढकलतं. ही ढकलदेखील बेरजेत धरा.

एका पत्र्याच्या टोपात हे काहीच नाही. तिथे चूक झाली तर तिथल्या तिथे दिसते, परत ठोकून सारखी करता येते. म्हणून तो सोपा असं मी म्हणत नाही. मागे मी तसं लिहिलं होतं आणि एका वाचकाने उचिदाशी कामाची आठवण करून दिली, ज्यात पत्रा आतून ठोकून बाहेर नक्षीच्या आकृती फुगवतात. तो वाचक बरोबर होता. पत्रा कागदाएवढा पातळ होऊन फाटायची भीती तिथे प्रत्येक घावाला आहे. दोन्ही अवघड, फक्त एकात अवघडपण त्या क्षणाचं, दुसऱ्यात साठत जाणारं.

'शोबाजी' या शब्दावरचा माझा राग मात्र कायम आहे, कारण पुढे लढाया नसतानाही हाच हात कामाला आला. म्योचिन या चिलखतकारांच्या घराण्यातल्या मुनेआकीने 1713 मध्ये लोखंडी ड्रॅगन केला, तो तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात आहे. अंग सुट्या कड्यांचं, रिबिटांनी जोडलेलं, सापासारखं वळणारं. 1876 मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली, सामुराई वर्गच मोडीत निघाला आणि चिलखताला गिऱ्हाईक उरलं नाही. हिमेजीचे म्योचिन मग निखारे उचलायचे लोखंडी चिमटे, हिबाशी, करू लागले. कोळसा जाऊन गॅस आला तेव्हा 1960 च्या दशकात त्याच चार काड्या टांगून वाऱ्यावर वाजणारी घंटा केली. तिथेही हिशोब तोच छळतो: सळईचा स्वर लांबीच्या वर्गाच्या उलट्या प्रमाणात बदलतो, म्हणजे 200 मिमीत एक मिमी चुकलं की स्वर एक टक्का सरकतो. डोळा फसतो, कान फसत नाही.

राहिला तुमच्यापैकी कित्येकांनी फोटो पाठवून विचारलेला प्रश्न: जपानात 5 मेच्या बालदिनासाठी विकतात तो शोभेचा काबुतो 62 पट्ट्यांचा आहे का? अस्तर थोडं सरकवून आत बोट फिरवा. प्रत्येक सुजीच्या मागे पन्हळ लागली तर तो दाबून काढलेला एकच पत्रा आहे. पट्टीच्या कडेची पायरी आणि रिबिटाचं चेपलेलं शेपूट लागलं तर मोजायला घ्या, समोरून सुरुवात करून, आणि मागे जिथे दोन बाजू भेटतात तिथल्या पट्टीची रुंदी शेजारणींशी ताडून बघा.