चौकटीवरच्या रेघा

आमच्या खानापूरच्या घरात स्वयंपाकघराच्या चौकटीवर बाबूच्या उंचीच्या रेघा आहेत. दर पाडव्याला सासूबाई त्याला तिथं उभं करून पेन्सिल टेकवतात. गेल्या दोन पाडव्यांच्या रेघांमध्ये माझं करंगळीचं नखसुद्धा मावत नाही.

बाबूला जन्मतःच मूत्रमार्गात पडदा होता. ऑपरेशन झालं, पण किडन्या अधू राहिल्या. आता तो 9 वर्षांचा. गेल्या पावसाळ्यात पायऱ्या चढताना मध्येच गुडघे धरून बसायला लागला. "ऊनच नाही, व्हिटॅमिन डी कुठून मिळणार?" असं जो तो म्हणायचा. आमच्याकडं जून लागला की महिनोन्महिने कपडे वाळत नाहीत, मलाही ते पटलं. मेडिकलमधून 60,000 युनिटची पाकिटं आणली नि सहा रविवार पेलाभर दुधातून दिली. डॉक्टरांना विचारलं नाही. ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

बेळगावला रक्त तपासलं तर व्हिटॅमिन डी 41, म्हणजे पुरेसं. तरी कॅल्शियम कमी आणि पीटीएच नावाचं हार्मोन खूप वाढलेलं. मी म्हटलं, मग पाय का दुखतात? डॉक्टरांनी केसपेपरच्या मागं काढून दाखवलं. उन्हातून किंवा पाकिटातून येतं ते कच्चं डी. त्यावर आधी लिव्हर काम करतं, मग किडनी, तेव्हा कुठं ते आतड्यातून कॅल्शियम ओढून घ्यायला उपयोगी पडतं. बाबूचं अडलं होतं ते किडनीपाशी. त्यात अधू किडनीला बाहेर टाकता न आल्यानं साठलेला फॉस्फरस. मग गळ्यातल्या चार इवल्याशा ग्रंथी पीटीएच सोडत राहतात आणि हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढतात. फॉस्फरस दुधातही भरपूर असतो, आणि मी मायेनं पेला भरून देत होते!

आता त्याला अल्फाकॅल्सिडॉल, म्हणजे डीचंच अर्धं तयार रूप, चालू आहे. या औषधाला किडनीची गरज लागत नाही, लिव्हरवर भागतं. पण डोस रिपोर्ट बघूनच ठरतो, कारण कॅल्शियम जास्त झालं तर ते रक्तवाहिन्यांत साचतं. कच्चं डीही कमी पडून चालत नाही, पण तेही मोजून. तुमच्या घरी असं मूल असेल तर नुसत्या डीच्या आकड्यावर थांबू नका. कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएच किती आहे तेही डॉक्टरांना विचारा.

फॉस्फरस कमी करायची गोळी जेवणासोबतच चावायची, तरच ती अन्नातला फॉस्फरस धरते. घरी मी असते, शाळेत कोण बघणार ही धास्ती होती. त्याच्या कन्नडच्या बाईंना सांगितलं. आता डब्याच्या सुट्टीत त्या दारातूनच विचारतात, "गुळगी तगोंड्या?" म्हणजे गोळी घेतलीस का, आणि बाबू तोंडात भाताचा घास असतानाच मान हलवतो.