कार्ताहेना ते पालेंके: डोक्यावरच्या परातीमागचं गाव

पिवळ्या-निळ्या-लाल झालरींचा झगा, डोक्यावर फळांची परात, हसणारी काळी बाई. कोलंबियातल्या कार्ताहेनाहून परतलेल्या जवळजवळ प्रत्येकाकडे हा फोटो असतो. ही पालेंकेरा. तिचं मूळ गाव सान बासिलिओ दे पालेंके शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. बहुतेक प्रवासी तिथे जात नाहीत, आणि फार मोठी गोष्ट हुकवतात.

आधी शहरात प्लासा दे लोस कोचेस हा चौक पाहा. इथे आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचा बाजार भरे. आज त्याच चौकाच्या कमानींखाली मिठाईची दुकानं आहेत. ‘आलेग्रिया’ नक्की घ्या: फुलवलेलं बाजरीसारखं भरडधान्य, गूळ, खोबरं आणि बडीशेपेसारखा स्वाद असलेला लाडू. आपल्या राजगिऱ्याच्या लाडवाचा भाऊच म्हणा. दमट हवेत तो लवकर चिकट होतो, म्हणून घरी न्यायचा असेल तर शेवटच्या दिवशी घ्या आणि हवाबंद डब्यात ठेवा.

फोटो काढण्याआधी विचारा: “पुएदो?” (काढू का?) पैसेही आधीच ठरवा, नाहीतर वाद होतो. पैसे मागितले म्हणून रागावू नका, त्या उन्हात उभं राहणं हेच तिचं काम आहे. फळं घेतलीत तर गप्पाही होतात. तिच्या डोक्यावर कापडाची चुंबळ असते, आपल्याकडच्या पाणी वाहणाऱ्या बायकांसारखीच. पिढ्यान्‌पिढ्या या बायकांनी शहरोशहरी फळं विकून घरं चालवली. तो रंगीत झगा मात्र मुख्यतः पर्यटकांसाठी.

गावाला जाण्यासाठी बस शहराच्या पूर्वेकडच्या मोठ्या स्थानकातून मिळते. जुन्या शहरापासून तिथवर पोहोचायला गर्दीत तासभरही लागतो. थेट गाडी नसेल तर मालागानाच्या दिशेची बस घ्या, चालकाला ‘पालेंकेचा फाटा’ सांगून उतरा आणि पुढे मोटारसायकल-टॅक्सी करा. सकाळी लवकर निघा: दुपारचं ऊन सोसत नाही आणि संध्याकाळी परतीची गाडी मिळणं अवघड. सुट्टे पेसो सोबत हवेतच, कार्डावर भरवसा ठेवू नका.

गावच्या चौकात बेंकोस बियोहोचा पुतळा आहे, तुटलेल्या साखळीसह. गुलामगिरीतून निसटून त्याने साथीदारांसह कुंपणबंद वस्ती उभारली. पालेंके म्हणजे तेच कुंपण. १६२१ मध्ये त्याला फाशी दिली, पण वस्ती टिकली आणि १७१३ मध्ये स्पॅनिश सत्तेला तिच्याशी करार करावा लागला. २००५ मध्ये युनेस्कोने या गावाच्या संस्कृतीचा गौरव केला.

इथली भाषा ऐकण्यासारखी आहे. शब्द बहुतेक स्पॅनिश, पण खाली आफ्रिकेतल्या किकोंगो भाषेचा पाया. ‘सुतो’ म्हणजे आपण, ‘मा मोना’ म्हणजे मुलं. नकार वाक्याच्या शेवटी येतो: ‘इ साबे नु’, मला माहीत नाही. मराठी कानाला ही रचना लगेच ओळखीची वाटते.

वाटाड्या गावातलाच घ्या. शहरातून निघणाऱ्या काही अर्ध्या दिवसाच्या सहलींत नाच दाखवून परत आणतात, आणि पैसे शहरातच राहतात. आरक्षणाआधी विचारा: वाटाड्या गावचा आहे का, जेवण कुणाच्या घरी आहे? लुंबालू ही अंत्यविधीची गाणी आहेत, त्यांचं चित्रीकरण मागू नका. वेण्या घालून घ्यायच्या असतील तर तास-दीड तास आणि आधी ठरवलेली किंमत हवी. कार्ताहेनाच्या किनाऱ्यावर काही जणी ‘नमुना’ म्हणून एक वेणी घालायला सुरुवात करतात आणि मग भलतीच रक्कम सांगतात. तिथे सुरुवातीलाच ठाम नाही म्हणा. वेण्यांतून पळवाटांचे नकाशे लपवले जात, असं गावाची मौखिक परंपरा सांगते.

शाकाहारींनी नारळभात आणि पाताकोन (कच्च्या केळ्याचे दोनदा तळलेले चपटे तुकडे) मागावेत. कडधान्यात डुकराचं मांस असू शकतं, विचारून घ्या. ऑक्टोबरच्या ढोल महोत्सवाला गर्दी आणि पाऊस दोन्ही असतात, चिखलाला चालतील असे बूट न्या.

भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. प्रवासाच्या किमान १० दिवस आधी लस घ्या, नाहीतर विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकतं.