गादी सरकली म्हणजे नेमके काय झाले?

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात न्हाणीघरातली भरलेली बादली उचलताना माझ्या कमरेत चमक भरली. नेहमीची उसण समजून मी शेक घेतला; पण तिसऱ्या दिवसापासून उजव्या कुल्ल्यातून निघालेली कळ पोटरीच्या बाहेरच्या अंगाने थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जाऊ लागली आणि साधी शिंक आली तरी डोळ्यांपुढे अंधारी येई. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगे, "गादी सरकली."

या दोन शब्दांनी मला पंधरा दिवस अंथरुणाला खिळवून ठेवले, म्हणूनच हे लिहीत आहे. सरकलेली वस्तू जरा हलताच आणखी सरकेल, या भीतीने मी कूससुद्धा बदलत नव्हतो. प्रत्यक्षात मणक्यांमधली चकती जागेवरून निसटत नाही. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट जोडलेली असते. तिचे आवरण चिवट तंतूंच्या थरांचे असते आणि आतला गाभा मऊ, पाणीदार असतो. वयाबरोबर गाभ्यातले पाणी घटते, आवरणाला चिरा पडतात आणि एखाद्या दिवशी गाभ्याचा थोडा भाग त्या चिरेतून मागे, मज्जातंतूच्या मुळापाशी येतो. ते मूळ दबते, शिवाय गाभ्यातल्या द्रव्यांमुळे सुजतेही. दुखणे पायात जाणवत असले तरी त्याचा उगम कमरेत असतो तो असा. बादली केवळ निमित्त झाली.

डॉक्टरांनी मला उताणे झोपवून उजवा पाय गुडघ्यात न वाकवता हळूहळू उचलला. तो वीतभर वर जातो न जातो तोच पोटरीत कळ उठली. मग अंगठ्यावर बोट दाबून धरत त्यांनी तो वर ओढायला सांगितला. डाव्या अंगठ्याने ते बोट सहज उचलले, उजव्याला जमेना. एवढ्यावरून, एमआरआयची फिल्म पाहण्याआधीच, त्यांनी कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधल्या चकतीवर बोट ठेवले. फिल्म नंतर पाहण्याला कारण आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, पाठदुखी मुळीच नसलेल्या विशीतल्या सुमारे 30 टक्के आणि ऐंशीच्या आसपासच्या 84 टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या दिसतात. म्हणून अहवालातला 'डिस्क बल्ज' हा शब्द वाचून कोणी धास्तावू नये, असे मला कळकळीने वाटते.

लघवी अडणे किंवा तिच्यावरचा ताबा जाणे, जांघेत आणि बैठकीच्या भागात बधिरपणा येणे, पाऊल लुळे पडणे, यांपैकी काहीही झाले तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तिथे तासातासाचे महत्त्व असते. एरवी बाहेर आलेला गाभा बहुधा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते आणि बहुतेकांचे दुखणे 6 ते 12 आठवड्यांत ओसरते. मला डॉक्टरांनी अंथरूण सोडून दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे चालायला सांगितले. आधी घरातच, मग सोसायटीच्या फाटकापर्यंत. पाचव्या आठवड्यात कळ गुडघ्याच्या वर आली आणि नवव्या आठवड्यात कमरेपाशी उरली. अंगठ्याचा जोर सगळ्यात शेवटी परतला.