कलमं सोडून रानातली झुडपं: आमची वाटचाल

पंधरा वर्षांपूर्वी संगमेश्वरजवळ आंबा-काजूच्या कलमांची रोपवाटिका टाकली. कलमं काय, सगळेच विकतात. आमच्याकडे येणारी माणसं भलतंच विचारायची, "परसात फणसाची सावली आहे, तिथं बारमाही हिरवं राहील, पाखरं येतील असं काय लावू?" मग पिटकुळी हे रानातलं झुडूप करायला घेतलं. लाल फुलं, मग लालसर फळं.

पहिली मोठी ऑर्डर चिपळूणच्या एका नव्या बंगल्याची, चाळीस रोपं. दोन महिन्यांत पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मी शहाण्यासारखा युरिया दिला. फरक शून्य. शेवटी आमच्या सौ. कुदळ घेऊन गेल्या. वीतभर लाल मातीखाली प्लास्टरचा आणि सिमेंटचा राडारोडा! कोकणातला पाऊस जमिनीतला चुना धुऊन नेतो, म्हणून आपली जांभ्याची माती आम्लधर्मी. ते मी गृहीतच धरलं होतं. राडारोड्यातल्या चुन्यानं मातीचा सामू (पीएच) चढला, म्हणजे आम्लपणा गेला, की मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. राडा उपसून, जांभ्याची माती नि कुजलेला पाला भरून दिला, पदरच्या खर्चानं. तेव्हापासून कुदळ मारून बघितल्याशिवाय रोप देत नाही. त्यापायी काही गिऱ्हाइकं गेली, जाऊ देत.

अंजनीनं मात्र खरी परीक्षा घेतली. निळी-जांभळी फुलं थेट फांदीला चिकटलेली, मग काळीभोर फळं. हे झाड आपल्या अंगणात का नसावं? पहिल्या वर्षी बी सुपात आठवडाभर वाळवलं, वालाचं वाळवतो तसं. तीनशेतली अकरा उगवली. हे बी सुकलं की मेलं. आता खाली पडलेली फळं वेचतो, त्याच दिवशी गर धुतो, संध्याकाळपर्यंत पिशव्या भरतो. तरी दोन वर्षांत रोप जेमतेम दीड वीत. "एवढंसंच?" हे ऐकायची सवय झालीय.

गच्च सावलीत अंजनी जगते, पण फुलायला कुरकुरते. तिथं आम्ही बुगडी सुचवतो, ओढ्याकाठची, गुलाबी फुलांची. यंदा तिची फळं पिकली नि आमच्याआधी बुलबुलांनी उरकली. झाडाखाली उगवून आलेली तेवीस रोपं आहेत, त्यातली सहा आमच्याच परसाला ठेवलीत.