कोणत्याच पक्षात नाव नसताना केलेले मतदान

कॅलिफोर्नियात मतदार म्हणून नाव नोंदवताना अर्जातच पक्षाची पसंती विचारली जाते. महाराष्ट्रात हा प्रश्न येत नाही, कारण तिकीट कोणाला द्यायचे हे तिथे पक्षश्रेष्ठी ठरवतात. इथे उमेदवाराची निवड प्रायमरीत, म्हणजे मुख्य निवडणुकीआधीच्या मतदानात, मतदार करतात, आणि अध्यक्षपदाच्या प्रायमरीत कोणाला कोणती मतपत्रिका द्यायची हे त्या नोंदीवरून ठरते.

नागरिकत्वाची शपथ झाल्यावर मी अर्ज भरला, तेव्हा दोन्ही मोठ्या पक्षांपासून लांब राहायचे हे मनाशी पक्के होते. यादीत पहिलेच नाव ‘अमेरिकन इंडिपेंडंट’ असे होते. अपक्षांसाठीचा रकाना हाच, असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात तो वंशविभाजनाचे समर्थक जॉर्ज वॉलेस यांच्या १९६८ च्या अध्यक्षीय उमेदवारीशी जोडलेला, कडव्या उजव्या वळणाचा पक्ष आहे, आणि तिथे नाव असलेल्यांपैकी बहुतेकांची नोंद गैरसमजातून झाली असल्याचे ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने २०१६ मध्ये दाखवून दिले होते. मी ‘कोणताही पक्ष नाही’ या पर्यायावर खूण केली. राज्यातल्या पाच मतदारांपैकी एकाहून अधिक जण याच गटात मोडतात.

खरे काम ५ मार्च २०२४ च्या प्रायमरीपूर्वी सुरू झाले. मतपत्रिका प्रत्येक मतदाराला टपालाने येते, पण पक्ष न निवडलेल्याच्या मतपत्रिकेवर अध्यक्षपदाची लढत छापलेलीच नसते. ती हवी असेल तर निवडणूक कार्यालयाकडे ‘क्रॉसओव्हर’ मतपत्रिका मागावी लागते, आणि तीही जे पक्ष बाहेरच्यांना दार उघडतात त्यांचीच मिळते. त्या वर्षी डेमोक्रॅटिक, लिबर्टेरियन आणि अमेरिकन इंडिपेंडंट या तीन पक्षांनी ती मुभा दिली होती. रिपब्लिकन पक्षाने दिली नव्हती, आणि निकी हेली अजून ट्रम्प यांच्यासमोर उभ्या असल्यामुळे थोडीफार चुरस होती ती नेमकी तिथेच. त्यात मत द्यायचे तर नोंदणी बदलून रिपब्लिकन व्हावे लागले असते. तेवढ्यासाठी मला ते पटले नाही. कार्यालयाकडून आलेल्या कार्डावर मी डेमोक्रॅटिक मतपत्रिका मागितली, जरी बायडेन यांची निवड तोवर ठरल्यासारखीच होती. आमच्या यजमानांनी आपले कार्ड रद्दीत टाकले होते, त्यामुळे त्यांना हाती आलेली मतपत्रिका घेऊन मतदान केंद्रावर जावे लागले आणि तिथे ती बदलून मिळाली.

काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकी संसदेसाठी, मात्र असे काहीच मागावे लागले नाही. २०१० मध्ये मतदारांनी संमत केलेल्या ‘प्रपोझिशन १४’ नुसार सर्व पक्षांचे उमेदवार एकाच यादीत असतात, कोणीही कोणालाही मत देऊ शकतो आणि पहिले दोघे नोव्हेंबरमध्ये समोरासमोर येतात. आम्ही माउंटन व्ह्यूत राहतो. आमच्या १६ व्या मतदारसंघात खासदार ॲना एशू निवृत्त होत असल्याने उमेदवारांची गर्दी झाली होती. सॅम लिकार्डो पहिले आले, तर इव्हान लो आणि जो सिमिटियन यांना प्रत्येकी बरोबर ३०,२४९ मते पडली. नियमाप्रमाणे तिघेही पुढे जाणार होते, पण फेरमोजणी झाली आणि लो पाच मतांनी सरस ठरले. प्रायमरीत माझ्यासारख्यांच्या मताला काय किंमत, असे विचारणाऱ्या मित्रमंडळींना त्यानंतर मी हाच आकडा ऐकवत आले आहे.

नोव्हेंबरमध्ये दोन्ही उमेदवार डेमोक्रॅटिकच होते. पक्षाचे नाव पाहून मत देण्याची सोय उरली नव्हती, म्हणून दोघांच्या भूमिका शेजारीशेजारी ठेवून वाचाव्या लागल्या, आणि माझ्या मते अपक्ष मतदाराचे वजन अशाच लढतीत सर्वांत जास्त पडते, कारण रिपब्लिकनांसह सगळ्यांनाच तिथे पक्षाबाहेरचा निकष शोधावा लागतो. एरवी हे वजन मोजताना जरा हात राखून बोलावे. गॅलपच्या २०२४ च्या सर्वेक्षणांत ४३ टक्के अमेरिकनांनी स्वतःला अपक्ष म्हटले, पण त्यांतले बहुतेक कोणत्या ना कोणत्या पक्षाकडे झुकलेले असतात. मीही त्याला फारशी अपवाद नाही.

क्रॉसओव्हर मतपत्रिका घेतल्याने नोंद बदलत नाही, हे मी नंतर राज्याच्या संकेतस्थळावर तपासून घेतले. २०२८ मध्ये कोणते पक्ष आम्हाला आत घेणार हे ते प्रायमरीपूर्वी राज्याला नव्याने कळवतील, आणि मतपत्रिका पुन्हा मागावी लागेल.