रायवळाची वही : चैत्र-वैशाखाच्या नोंदी

यंदा मोहोर दोनदा फुटला. पौषात एकदा, आणि माघ सरता सरता पुन्हा. त्यामुळे आता वैशाखात एकाच फांदीवर पाडाला आलेला आंबा आणि निम्मी वाढलेली कैरी शेजारी शेजारी लोंबतायत. ज्यांनी रायवळ, म्हणजे कलम न करता कोयीपासून उगवलेल्या, आंब्याच्या झाडांची टिपणं ठेवायला घेतली आहेत त्यांनी एवढं करावं, फळ कोणत्या मोहोराचं ते आधी लिहावं आणि मग चव. नुसती चव लिहिली तर पुढच्या वर्षी त्या नोंदीचा काडीचा उपयोग नाही.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. भोरच्या पश्चिमेला, जिथून डोंगर चढायला लागतो, तिथं आमचं गाव. गावात आणि आसपासच्या वाड्यांत कोयीपासून उगवलेली जुनी आंब्याची झाडं आहेत, त्यांची मी वही ठेवते. झाड कुणाच्या बांधावर, बुंध्याचा घेर किती, मोहोर कधी, फळाची साल, गर, रस, कोय, वास. कलमी झाडं वहीत घेत नाही. हापूस-केसरबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांची झाडं एकमेकांसारखीच असतात. रायवळाचं तसं नाही. आपल्याकडच्या रायवळाच्या कोयीत बहुधा एकच गर्भ असतो, तोही दुसऱ्या झाडाच्या परागातून आलेला. म्हणून लेकरू आईवर जाईलच असं नाही. (केरळातल्या ओलूर, कुरुक्कन अशा काही जातींच्या एका कोयीतून चार-चार रोपं उठतात आणि ती आईसारखीच निघतात. आपलं तसं नशीब नाही.) म्हणजे बांधावरचं प्रत्येक झाड ही स्वतंत्र जात. ते तोडलं की ती चव गेली, पुन्हा मिळायची नाही.

नावाजलेल्या जाती तरी वेगळ्या कुठून आल्या? दशहरीचं मूळ झाड लखनौजवळच्या दशहरी गावात अजून उभं आहे. कुणाला तरी त्या एका झाडाचा आंबा आवडला, त्याची काडी, म्हणजे कलमाला लागणारा फांदीच्या शेंड्याचा तुकडा, घेतली गेली, कलमं झाली. तीच जात. आपल्या बांधावरच्या झाडाची काडी कुणी घेतली नाही, एवढाच फरक.

चैत्रात वहीला काम कमी आणि स्वयंपाकघराला जास्त. यंदा मी कैरीचा वेगळा रकाना आखला, कारण पिकल्यावर तोंड वाकडं करायला लावणारं झाड कैरीत सोन्यासारखं असू शकतं. विहिरीवरच्या आंब्याचंच बघा. पिकला की पाणचट, कुणी विचारत नाही. पण त्याची कैरी उकडली की गर सालीपासून अल्लाद सुटतो, गूळ कमी लागतो आणि पन्ह्याला हिरवट वास राहतो. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, पन्ह्यात वेलची घालू देत नाहीत. जिरं भाजून आणि मीठ, बस्स. मारुतीच्या देवळामागचा लोणच्याचा. कोय धरली तरी गर पांढरा आणि करकरीत राहतो. लोद्या नावाचं झाड आहे, त्याची कैरी किसून तक्कूला. बाकीच्यांची आंबोशी. फोडी मीठ लावून पत्र्यावर टाकल्या की मुलं येता-जाता निम्म्या उडवतात, म्हणून फोडी मुळातच दुप्पट करायच्या. हे जाऊबाईंचं गणित, आणि ते बरोबर आहे.

मध्ये वळवाचा एक तडाखा बसला. गारा नव्हत्या, पण वाऱ्यानं ओढ्याकडच्या झाडांखाली कैऱ्यांचा सडा पडला. त्या दिवशी नोंदी बाजूला ठेवून सगळं घर पाट्या घेऊन बाहेर. दीर म्हणाले, "वहिनी, वहीत लिवा, वारा उगवतीचा हुता." लिहिलं.

मोहोराला लागणाऱ्या तुडतुड्या किडीचा यंदा त्रास कमी. पुढं.

अक्षय तृतीयेपर्यंत आत्याबाई पिकलेल्या आंब्याला हात लावत नाहीत. पितरांना आमरसाचं ताट दाखवायचं आणि मगच. आमचा रायवळ तेवढ्यात पिकत नाही, म्हणून दरवर्षी त्या दिवसापुरता भोरच्या बाजारातून कोकणातला हापूस येतो. वर्षभर मी ज्याच्याविषयी नाक मुरडते त्याचाच रस वाटीवाटीनं रिचवते, आणि तो चांगला लागतो हे कबूल करायला मला काही वाटत नाही. पण हापूसची पेटी घरात आली की पहिला कुठला, दुसरा कुठला हा प्रश्नच नसतो. रायवळाच्या पाटीत हात घातला की दोन आंबे सारखे निघत नाहीत.

अक्षय तृतीया झाली की आत्या चाखणाऱ्यांत सामील होतात आणि त्या आल्या की बाकीच्यांचे गुण बाद. चाखायची पद्धत अशी: प्रत्येक झाडाचे उन्हाकडचे, सावलीकडचे आणि शेंड्याचे आंबे वेगवेगळे घ्यायचे. एकाच अढीत, म्हणजे पेंढ्यात रचून, एकाच वेळी पिकवायचे. दोन झाडांच्या मध्ये घोटभर पाणी आणि मूठभर चुरमुरे. वासाचे शब्द पहिल्या आंब्यालाच लिहायचे, दुसरा तोंडात गेला की नाक फसतं.

रायवळ कापायचा नाही. दोन्ही तळव्यांत धरून हलक्या हातानं गोल गोल मळायचा. आतला गर कोयीपासून सुटला की बोटांना कळतं, फळ लिबलिबीत होतं पण साल फाटत नाही. मग देठाची टोपी दातानं काढायची, पहिला थेंब पिळून टाकायचा, कारण त्यात चीक असतो आणि ओठ उततात, आणि मग तोंड लावायचं. खालून अंगठ्यानं दाबत दाबत वर. साल रिकामी झाली की शेवटी कोय बाहेर काढून ती पांढरी फटक होईस्तोवर चोखायची. कोपरापर्यंत ओघळ आला नाही तर आंबा नीट खाल्ला नाही असं आमच्याकडं समजतात. धाकट्या लेकीनं धाग्यांचं स्वतःचं माप काढलंय, आंबा संपल्यावर दातांत किती अडकले ते. मी हसले, पण रकाना केला. खरं तर रेषाळपणा मोजायची याहून चांगली रीत मला सुचलेली नाही.

रसातली साखर मोजायचा ब्रिक्समीटर आणला आहे. काचेवर रसाचे दोन थेंब, झाकण दाबायचं, उजेडाकडं धरून निळी रेघ वाचायची. पुतण्या तो दुर्बिणीसारखा फिरवतो आणि आकडा ओरडून सांगतो. शेंदऱ्या आणि शेप्या ही आमची दोन झाडं. शेंदऱ्याचा आकडा २१ आला, शेप्याचा १७. तरी घरात सगळ्यांनी, आत्यांसकट, शेप्याच उचलला. यंत्र साखर सांगतं, तीसुद्धा ढोबळ. आंबटपणा किती आणि वास कसला हे त्याला कळत नाही. शेंदऱ्या नुसता गोड आहे, दुसऱ्या आंब्याला कंटाळा येतो. शेप्याचा चौथा आंबा पहिल्याइतकाच लागतो. ज्यांनी ब्रिक्समीटर घ्यायचा विचार केला आहे त्यांनी जरूर घ्यावा, मुलं रमतात. पण झाड निवडताना त्याच्यावर विसंबू नये.

शेप्याविषयी जरा जास्त लिहिते, कारण यंदाची खरी कमाई तीच. ओढ्याच्या पलीकडच्या बांधावर आहे. दोघांनी हात जोडले तरच बुंध्याला कवळ पडते. फळ कोंबडीच्या अंड्याहून थोडं मोठं, एका अंगाला चपटं. पिकलं तरी साल हिरवीच, फार तर देठापाशी फिकट पिवळी झाक येते. त्यामुळे रंगावरून पाड ओळखता येत नाही. देठाला नाक लावलं की शेपूचा वास येतो आणि तो उग्र झाला म्हणजे आंबा तयार. गर केशरी, कोय पातळ, धागे कोयीच्या कडेलाच. रस पिळला तर घट्ट येतो, पण वाटीत घेऊन खाण्यात मजा नाही. हवा लागली की तो शेपूचा वास तासाभरात उडतो. हा झाडाखालीच खायचा आंबा.

आणि झाडाखाली पोचायचं म्हणजे पहाटे. गावचा नेम असा की झाडावरचा आंबा मालकाचा, पडलेला उचलेल त्याचा. रात्री वटवाघळं उष्टावतात, पहाटे वाऱ्याच्या झुळकीनं पाड पडतात आणि उजाडायच्या आत वाडीतली पोरं बॅटरी घेऊन हजर. आमची पोरं एरवी शाळेला उठवताना घर डोक्यावर घेतात, आता सुट्टीत मात्र कोंबड्याच्या आधी जागी. आत्या ओसरीवरून विचारतात, "किती घावले गं?" आणि ओट्यात बघून सगळ्यात चांगला स्वतः काढून घेतात. "म्या सून म्हणून आले तवा बी हे झाड एवढंच हुतं," असं त्या म्हणतात. वहीत वयाच्या रकान्यात मी तेच लिहिलंय, याहून भरवशाचा पुरावा माझ्याकडं नाही.

आता काळजीचं. रस्त्याकडेच्या रांगेतल्या काही झाडांवर रंगानं आकडे टाकलेत, रुंदीकरणात जाणार. यंदा चाखायचा क्रम मी त्याप्रमाणे बदलला, आकडेवाली झाडं आधी. त्यातली बरीचशी साधी आहेत, आंबट, धागेदार. खोटं कशाला लिहू? पण एक आहे, वळणावरचं, ज्याला ना नाव ना मालक. फळ लहान, गोटीएवढं म्हणा, पण सालीसकट खाल्लं तरी तुरट लागत नाही. एसटीची वाट बघणारी माणसं ते उचलून खातात आणि कोय तिथंच टाकतात. त्याची काडी घ्यायची ठरवली आहे. झाड आमच्याआधी पडलं तरी एक सोय असते. पक्व काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकमध्ये बांधल्या तर काही दिवस तगतात. गावात सांगून ठेवलंय की करवत चालायच्या दिवशी निरोप द्या.

अढीबद्दल पुष्कळांचा घोळ होतो, म्हणून आमच्या घरची रीत देते. आंबा झेल्यानं, म्हणजे टोकाला जाळी लावलेल्या बांबूनं, उतरवायचा, काठीनं झोडायचा नाही, आणि दोन बोटं देठ ठेवायचा. देठ मुळातून तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि तिथं काळा डाग पडून आंबा सडतो. उतरवल्यावर देठ खाली करून गोणपाटावर पसरून ठेवायचा, चीक निथळू द्यायचा. तयार झाला की नाही याबद्दल शंका असेल तर बादलीत सोडा. भरलेला आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. तरंगलेले लोणच्याला. मग माजघराच्या कोपऱ्यात भाताचा पेंढा, त्यावर आंब्यांचा एक थर, पुन्हा पेंढा. तीन थरांच्या वर जाऊ नये, खालचे दबतात आणि आतून गरम होतात. चौथ्या दिवसापासून रोज उचकून बघायचं, मऊ पडलेला काढायचा, डाग धरलेला त्याहून आधी काढायचा. अढीत हात कुणी घालायचा यावरून आमच्याकडं भांडणं होतात. सध्या तो मान आत्यांचा. पेंढ्यात हात घालून न बघता, नुसत्या चाचपून, त्या बरोबर पिकलेला काढतात. मी शिकते आहे, अजून नाकाशिवाय जमत नाही.

यंदाच्या अढीत एकदाच मी सगळी झाडं मिसळली, कारण जागा नव्हती. प्रत्येक आंब्याच्या देठाला रंगीत सुतळी बांधली. पोरांनी सुतळ्या सोडून एकमेकांच्या मनगटाला बांधल्या. त्या खेपेचे गुण धरलेले नाहीत.

पुढचं काम मृगानंतर. निवडलेल्या झाडांवर ज्या फांद्यांना यंदा मोहोर नव्हता, त्यांच्या शेंड्याच्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्यांवर आत्ताच खुणेचे दोरे बांधून ठेवा. कापायच्या आठ-दहा दिवस आधी त्यांची पानं काढायची, देठाचा तुकडा राहू द्यायचा. डोळे फुगतात आणि कलम लवकर धरतं. कोय कलमाला खुंट म्हणून, म्हणजे ज्यावर काडी बसवायची ती, तांबूस पानांची, दोन आठवड्यांच्या आतली रोपं लागतात. हवेत दमटपणा लागतो, म्हणून जून-जुलै. शेप्या, वळणावरचा आणि मारुतीमागचा एवढेच यंदा. जास्त घेऊन निम्मी वाळवण्यापेक्षा तीन झाडं नीट करावीत असं माझं मत. कोयीपासून थेट झाड करायचं तर फळाला सात-आठ वर्षं, कलमाला तीन-चार. शिवाय कोयीतून शेप्याच उतरेल याची हमी नाही.

खुंटासाठी कोयी मात्र आत्ताच जमवा. कुठल्याही रायवळाच्या चालतात, चिवट झाडाच्या असल्या तर उत्तम. चोखून झाली की धुवायची, सावलीत एक-दोन दिवस ठेवायची आणि लगेच वाफ्यात, फुगीर कड वर करून. डब्यात भरून पावसाची वाट बघत ठेवलेली कोय आत वाळते आणि रुजत नाही. वाफ्याभोवती काटेरी फांद्या रोवा, नाहीतर कोंबड्या उकरतात.