अडकलेला अंतरपाट

दादाच्या लग्नाच्या व्हिडिओचा पेनड्राइव्ह फोटोग्राफरकडून आला, भाच्याने त्यातला मंगलाष्टकांचा भाग मेमरी कार्डावर घालून दिला आणि कराडला बाबांनी तो टॅबवर लावला. दहा मिनिटांत मला फोन. "अगं, शुभमंगल सावधान झालं, टाळ्या झाल्या, वाजंत्रीही वाजली, पण अंतरपाट काही खाली येईना."

शनिवारी गेले तेव्हा बघितलं. आवाज अगदी सुरळीत. चित्र मात्र तीन-चार सेकंद थिजायचं, मग एकदम उडी मारून पुढे. भटजींचा हात वर, आणि पुढच्या क्षणी भटजीच गायब.

पहिला उद्योग मी केला तो निव्वळ अडाणीपणाचा. फाइलच्या नावाचं शेपूट एमओव्ही होतं, ते पुसून एमपी४ केलं. डबा बदलला म्हणून आतली भाजी थोडीच बदलते! अंतरपाट तिथेच.

मग लॅपटॉपवर मीडियाइन्फोमध्ये, म्हणजे फाइलची आतली माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, फाइल उघडली आणि उलगडा झाला. ३८४० बाय २१६० ठिपके, सेकंदाला ५० चित्रं, एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायची नवी पद्धत), तेही १० बिट, म्हणजे रंगांच्या छटा जास्त बारकाईने नोंदवणारं. सोळा मिनिटांची फाइल साडेतीन जीबीची. इकडे बाबांचा टॅब आठ वर्षांचा, पडदा १२८० बाय ८००. त्याच्या चिपमध्ये एच.२६४ ही जुनी पद्धत उलगडायची खास सोय आहे, १० बिट एचईव्हीसीची नाही. म्हणजे सगळा भार साध्या प्रोसेसरवर, आणि तो बिचारा आवाज तेवढा सांभाळून चित्र सोडून देत होता. बरं, पडद्यावर मावतात त्याच्या कितीतरी पट ठिपके त्याला उलगडून परत फेकायचे होते.

हँडब्रेक हे व्हिडिओचं रूपांतर करणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. फुकट आहे, पुरेसं आहे. त्यातला तयार पर्याय 'फास्ट १०८०पी३०' (१०८० ठिपके उंची, सेकंदाला ३० चित्रं) निवडला आणि दोन मिनिटांचा तुकडा करून टॅबवर लावला. थिजणं गेलं! पण कॅमेरा मांडवावरून फिरला की चित्र हिसके देत होतं, खड्ड्यातून रिक्षा जावी तसं. तासभर टॅबलाच शिव्या दिल्या. दोष माझा होता. ५० चित्रांतून ३० ठेवायची म्हणजे कधी एक गाळायचं, कधी नाही. चाल एकसारखी राहणार कशी? २५ ठेवली की एकाआड एक गळतं. 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' आणि २५ निवडलं, आकार ७२० केला, एन्कोडर साधा एच.२६४, म्हणजे ८ बिटवाला. हिसके बंद.

एवढ्यावर थांबले असते तर बरं, पण जागा वाचवायचा मोह झाला. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला किती बिट खर्च करायचे तो आकडा, ठोकून १००० केबीपीएस ठेवला. वधूवर उभे आहेत तोवर सगळं छान, आणि मग अक्षता पडल्या. पडद्यावर नुसत्या चौकटी! नवरीचं तोंड सुद्धा चौकोनी. शेकडो बारीक दाणे एकाच वेळी वेगवेगळ्या दिशेने उडतात. एरवी मागच्या चित्रातलं पुढच्यात वापरून जागा वाचते, इथे त्यातलं फारसं काही कामाला येत नाही, म्हणून तिथे भरपूर बिट लागतात. लग्नाचा व्हिडिओ तपासायचा तर अक्षतांचाच तुकडा घ्यावा, हे मला तेव्हा कळलं. बिटरेटचा हट्ट सोडून 'कॉन्स्टंट क्वालिटी' घेतली, म्हणजे दर्जा एकसारखा ठेवायचा; त्या दर्जाचा आकडा आरएफ २०. आकडा जेवढा कमी तेवढं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. दाणे दाण्यांसारखे दिसायला लागले, आणि साडेतीन जीबीचे साडेतीनशे एमबीसुद्धा झाले नाहीत.

हळदीची फाइल सत्तर मिनिटांची, पंधरा जीबीची. ती कार्डावर जातच नव्हती, ३२ जीबीचं कार्ड जवळजवळ रिकामं असून. कार्ड एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेलं होतं. त्यावर एक फाइल ४ जीबीच्या पुढे चालत नाही. रूपांतर झालं की हा प्रश्न आपोआप मिटणार होता, म्हणून रात्री ती लावून झोपले. सकाळी बघते तर लॅपटॉप मिटलेला, काम वीस टक्क्यांवर. आई म्हणाली, "उघडाच राहिला होता गं, धूळ बसेल म्हणून मीच मिटला."

दुसऱ्या रात्री त्यावर कागद चिकटवला: 'हात लावू नये'. सहा तास पंखा घरघरत होता. सकाळी दीड जीबीची फाइल तयार. नावं मराठीत दिली, पुढे आकडे घातले: १ साखरपुडा, २ हळद, ३ लग्न. नाहीतर बाबांना फाइल सापडायची नाही.

सोमवारी निघायच्या आधी बाबांनी चष्मा पुसून 'लग्न' लावलं. अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, हार घातले गेले. बाबा पुढे वाकून म्हणाले, "थांब थांब, जरा मागे घे. हा तुझा मामा मंगलाष्टका चालू असताना फोनवर बोलतोय की काय?"